निळ्या खुणा आणि आपली रीत

नोव्हेंबर २०१४मध्ये व्हॉट्सॲपने एक लहानसा बदल केला. तोवर पाठवलेल्या निरोपाशेजारी दोनच गोष्टी कळत. एक करडी खूण दिसली म्हणजे निरोप निघाला, दोन दिसल्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. आता निरोप वाचला गेला की त्या दोन खुणा निळ्या होऊ लागल्या. एवढ्याशा रंगाने घराघरांत नवे प्रश्न उभे केले. वाचूनही उत्तर का दिले नाही? रागावलाय का? मला टाळतोय का? तक्रारी इतक्या वाढल्या की थोड्याच दिवसांत कंपनीला ही सोय बंद करण्याचा पर्याय द्यावा लागला. त्यालाही एक अट आहे. आपले वाचन लपवायचे असेल, तर दुसऱ्याने वाचले की नाही तेही आपल्याला कळत नाही. आणि ग्रुपवर हा पर्यायच चालत नाही. तिथे निरोप कोणी वाचला, हे पाठवणाऱ्याला पाहता येते.

व्हॉट्सॲप २००९मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी कॅलिफोर्नियात सुरू केले. कूम यांची मूळ कल्पना निरोप पाठवण्याची नव्हतीच. नावापुढे आपली सध्याची स्थिती लिहावी, कामात आहे, फोन घेता येणार नाही असे मित्रांना कळावे, इतकाच हेतू होता. लोकांनी त्या ओळीचाच निरोपासारखा वापर सुरू केला आणि त्यातून आजचे ॲप घडले. समोरचा माणूस या क्षणी कुठे आहे, मोकळा आहे की नाही, हे सतत दिसावे ही इच्छा या माध्यमाच्या जन्मातच आहे. फेसबुकने २०१४मध्ये ते विकत घेतले, तोवर भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत ते पोचले होते. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि ते वाड्यावस्त्यांवर गेले.

माध्यम बदलले की माणसांच्या वागण्याची रीत बदलते. हे नेहमीच होत आले आहे. या वेळी फरक असा की ती रीत बहुतांशी यंत्राच्या मांडणीतून आली आणि ती आली आहे हे आपल्या उशिरा लक्षात आले. सोशल मीडियाने नाती जोडली की तोडली, या वादापेक्षा त्याने नात्यात नेमके काय बदलले हे बघणे मला अधिक गरजेचे वाटते. ते कळले की आपली रीत आपल्याला ठरवता येते.

कार्डाचा फाडलेला कोपरा

भारतात पोस्टकार्ड जुलै १८७९मध्ये आले. किंमत पाव आणा. पुढे मुंबईच्या गिरणगावातून कोकणात आणि साताऱ्याकडे जी पत्रे जात, त्यांतली कितीतरी लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा अशी असत. गावात ती वाचून दाखवायचे काम शाळेत जाणारा मुलगा, मास्तर किंवा खुद्द पोस्टमन करी. म्हणजे जुने पत्र आपण समजतो तितके खासगी नव्हते. उघडे कार्ड कोणीही वाचू शके. नव्या सुनेने माहेरी लिहिलेले पत्र सासरच्या नजरेखालून जाण्याची शक्यता असे, आणि म्हणून ‘मी इकडे सुखरूप आहे’ या वाक्यात बरेच काही दडवावे लागे.

पण त्या माध्यमाला लोकांनी आपली रीत दिली होती. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, मोठ्यांना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पहिल्या ओळीतच कोण कोणाशी बोलतो आहे हे ठरे. निधनाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. हातात पडताच वाईट बातमी आहे हे कळे आणि वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवत नसत. यातला एकही नियम डाकखात्याने केलेला नव्हता. माणसांनी तो हळूहळू घडवला आणि एकमेकांना शिकवला.

त्या रीतीचा सर्वांत मोलाचा भाग होता उशीर. उत्तर यायला आठ-पंधरा दिवस लागणारच, हे दोघांनाही मान्य असे, म्हणून उशिरात अपमान नव्हता. तातडीच्या बातमीसाठी तार होती. ती जुलै २०१३मध्ये बंद झाली. एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली रांग लावून बोलणाऱ्यांना पुढे सरकणारे मीटर दिसत असे, त्यामुळे आधी महत्त्वाचे बोलायचे आणि मग ख्यालीखुशाली, अशी तिथलीही एक शिस्त होती.

आज उशिराचा असा सर्वमान्य अर्थ उरलेला नाही. ‘लास्ट सीन’ची वेळ दिसते, ‘ऑनलाइन’ हा शब्द दिसतो, निळी खूण दिसते. पूर्वी मौनाची कारणे शंभर असू शकत. आता समोरच्याला वाटते की कारण एकच, मुद्दाम. नवरा-बायकोत, प्रेमात असलेल्या मुलामुलींत, अगदी मायलेकींतही यावरून भांडणे होतात. रात्री दीड वाजता तू ऑनलाइन होतास, मग माझ्याशी का बोलला नाहीस? या प्रश्नात संशय आहे, तसे दुःखही आहे. ‘ऑनलाइन’ असणे लपवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२२मध्ये दिली. पण आता लपवणे हेही एक उत्तर झाले आहे. तिने लास्ट सीन का बंद केले, याचीही चर्चा होते.

‘ठीक आहे’ म्हणजे नेमके काय

मराठीत ‘वा, छान’ हे दोन शब्द शाबासकीचे असू शकतात आणि टोमण्याचेही. ‘बरं’ हा शब्द होकार देतो, नाराजी सांगतो, विषय संपवतो. फरक सगळा सुरात असतो. सूर काढून घेतला की काय होते, याचा एक चांगला प्रयोग अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००५मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने दुसऱ्यापर्यंत पोचवायला सांगितली. काहींनी ती बोलून सांगितली, काहींनी ई-मेलने. ई-मेल पाठवणाऱ्यांना खात्री होती की शंभरांतल्या सुमारे ७८ वाक्यांचा रोख समोरच्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात ५६ वाक्यांचाच कळला. डोळे मिटून अंदाज केला असता तरी पन्नास बरोबर आले असते. आणि ज्यांनी ती वाक्ये वाचली, त्यांनाही आपण बरोबर ओळखले असा भरवसा होता.

हा भरवसाच घातक ठरतो. निरोप लिहिताना आपल्या मनात आपला सूर वाजत असतो, म्हणून तो ओळीत उतरला आहे असे वाटते. वाचणारा त्यात स्वतःचा सूर घालतो. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात आणि गैरसमज झाला आहे हे कोणालाच कळत नाही. सासूबाईंनी ‘ठीक आहे’ एवढेच लिहिले, तर ते सहज लिहिलेले असते किंवा टाइप करायला कंटाळा आलेला असतो. सून मात्र दुपारभर त्या दोन शब्दांचा अर्थ लावत बसते. मोठ्या मेहनतीने लिहिलेल्या निरोपावर नुसता अंगठा आला की मुलाला वाटते वडिलांना पर्वा नाही. वडिलांच्या लेखी तो अंगठा म्हणजे ‘मिळाले, आनंद झाला’ असते. दोन पिढ्यांच्या इमोजींचे अर्थ वेगळे आहेत आणि ते एकमेकांना सांगायची सवय अजून लागलेली नाही.

आवाजाचे मोल दाखवणारे दुसरे संशोधन लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांचे आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या या प्रयोगात ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावले. त्या ताणानंतर काही मुली आईला प्रत्यक्ष भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईशी चॅट केले, काही एकट्याच बसल्या. आईला भेटलेल्या आणि तिचा आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरात ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल उतरले आणि जवळिकीशी जोडलेले ऑक्सिटोसिन वाढले. आईने धीराचे शब्द लिहून पाठवले तेव्हा तसे झाले नाही. चॅट करणाऱ्या मुलींच्या शरीराची स्थिती जवळजवळ एकट्या बसलेल्या मुलींसारखीच राहिली. आई तीच, माया तीच. शरीराला मात्र आवाज हवा होता.

होस्टेलवर राहणाऱ्या मुलीचा ‘पेपर अवघड गेला’ असा निरोप आला, तर आपण धीर देणारी चार वाक्ये लिहून मोकळे होतो. तिथे एक फोन करणे किती वेगळे असते, हे या प्रयोगावरून कळते.

जे मिळाले ते मोठे आहे

या माध्यमाने दिलेले दान नाकारले तर चित्र खोटे होईल. जात्यावरच्या ओव्यांत माहेरची वाट पाहणे हा केवढा मोठा विषय आहे. भाऊ मुराळी होऊन न्यायला येईल, तेव्हाच आईची भेट. आज लग्न होऊन दूर गेलेली मुलगी रोज आईशी बोलू शकते. भाजी करताना फोन ओट्यावर टेकवून व्हिडिओ कॉल चालतो आणि मध्ये पत्र वाचणारे कोणी नसते. बाईच्या हातात स्वतःचा फोन असणे ही अनेक घरांत आजही सहज मिळणारी गोष्ट नाही. पण जिथे तो आहे, तिथे तिचे एकटेपण खरोखर कमी झाले आहे.

दहावीच्या बॅचचे ग्रुप हेही असेच. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, कितीकदा नावही बदलते. शाळेतल्या मैत्रिणी एकमेकींना तीस-तीस वर्षे हरवल्या, त्यामागे हेही एक कारण होते. पुरुषांना जुने मित्र सापडत होते, बायकांना मैत्रिणी सापडत नव्हत्या. एकीने दुसरीचा नंबर मिळवला, दुसरीने तिसरीचा, आणि बॅचचा ग्रुप झाला. त्यातून स्नेहमेळावे झाले, पन्नाशीत पहिल्यांदाच काही जणी घर सोडून मैत्रिणींबरोबर सहलीला गेल्या. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये मांडले होते की नोकरीची माहिती आणि नव्या संधी माणसाला बऱ्याचदा दूरच्या ओळखीतून मिळतात, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. अशा दूरच्या ओळखी जिवंत ठेवण्याचे काम सोशल मीडियाइतके स्वस्तात याआधी कशानेच केले नव्हते.

२०१३मध्ये व्हॉइस मेसेज आले आणि ज्यांना टाइप करता येत नाही, लिहिता-वाचता येत नाही, ते लोकही संभाषणात आले. २०१६च्या अखेरीस व्हिडिओ कॉल आले तेव्हा कर्णबधिर माणसांना दूरच्या माणसाशी आपल्या खुणांच्या भाषेत बोलणे सोपे झाले. न्यू जर्सीतला नातू आणि पुण्यातली आजी यांच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर असते. ती संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा तो शाळेला निघालेला असतो, आणि तरीही तो तिला चेहऱ्याने, आवाजाने ओळखतो. समुद्रावर महिनोन्महिने राहणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या खलाशांच्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

एकाशी बोलणे, सगळ्यांना सांगणे

मग बिघडते कुठे? मला वाटते ते ग्रुपमध्ये आणि फॉरवर्डमध्ये बिघडते, कारण तिथे एका माणसाशी बोलण्याची जागा सर्वांना सांगण्याने घेतलेली असते.

आपण प्रत्येकाशी वेगळे बोलतो. काकांशी जसे बोलतो तसे मावसबहिणीशी बोलत नाही. ॲलिस मारविक आणि डॅना बॉइड या अभ्यासकांनी ट्विटरच्या संदर्भात दाखवून दिले की सोशल मीडियावर हे सगळे श्रोते एकाच जागी येतात आणि बोलणाऱ्याला सर्वांना चालेल असेच बोलावे लागते. कुटुंबाच्या ग्रुपवर तेच होते. आजोबांपासून कॉलेजातल्या नातीपर्यंत सगळे तिथे असल्यामुळे कोणालाच मनातले बोलता येत नाही. उरतात त्या शुभेच्छा, सुविचार, देवांची चित्रे. लोक उथळ झाले म्हणून असे होते, असे नाही. इतक्या निरनिराळ्या नात्यांसमोर एकदम बोलायचे म्हटले की एवढेच बोलणे सुरक्षित असते.

वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या रांगेत मध्येच कोणाच्या निधनाची बातमी येते, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुप्रभात सुरू होते. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहा-बारा दिवसांत भेटायला जाण्याची पद्धत आहे. जाऊन काय बोलावे हे कोणालाच कळत नसते. तरीही माणसे जातात, थोडा वेळ बसतात. ती बैठकच सांत्वन असते. हात जोडलेले चित्र पाठवल्यावर आपल्या मनाला कर्तव्य झाल्याचे समाधान मिळते आणि जाणे राहून जाते.

रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाने माणसाचा मेंदू साधारण दीडशे माणसांशी खरे संबंध सांभाळू शकतो, असे १९९०च्या दशकात मांडले. या आकड्यावर वाद आहेत. पण २०१६मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या पाहण्यांतून काढलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. फेसबुकवर दीडशे-पावणेदोनशे मित्र असलेल्या लोकांनी सांगितले की खऱ्या अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल असे त्यांत सुमारे चारच आहेत, आणि मनापासून सहानुभूती दाखवतील असे सुमारे चौदा. यादी लांबली तरी आधार देणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली.

मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांनी फेसबुकच्या वापराचा अभ्यास करून याची दुसरी बाजू दाखवली. त्यांच्या २०१६च्या निष्कर्षानुसार, जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी शब्द लिहिले तर मनःस्वास्थ्य सुधारण्याशी त्याचा संबंध दिसतो. सर्वांसाठी टाकलेली पोस्ट वाचल्याने किंवा एका क्लिकची लाइक मिळाल्याने तसा फरक दिसत नाही. माध्यम तेच, माणसेही तीच. कोणी आपल्यासाठी थोडे कष्ट घेतले का, यावर सारे ठरते.

विश्वासाचा दुरुपयोग

फॉरवर्डचे बटण हे कष्ट काढून घेते. तिथे निरोपाचा लेखक कोण हे कळत नाही, पण तो आपल्या मावशीकडून किंवा मित्राकडून आलेला असतो, म्हणून त्या माणसावरचा विश्वास मजकुरावर चढतो. हा विश्वास किती महाग पडू शकतो हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवड्याच्या बाजारात मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. ते निरपराध होते. त्या काळात देशभर मुले पळवण्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्यांतला एक व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच्या जागृतीपटाचा कापलेला तुकडा होता.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली आणि ‘फॉरवर्डेड’ अशी खूणही आणली. एप्रिल २०२०मध्ये फार वेळा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि असे निरोप सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. पाठवायला थोडे अधिक श्रम लागले की माणसे थांबतात, हे यातून दिसते. बटण जसे घडवावे तसे वागणे घडते. तेव्हा जबाबदारी कंपन्यांचीही आहे आणि ती मागितली पाहिजे.

घरात मात्र प्रश्न नाजूक होतो. काकांनी चुकीचे औषध सांगणारा किंवा दुसऱ्या धर्माबद्दल द्वेष पसरवणारा मजकूर टाकला, तर पुतण्याने काय करावे? सर्वांसमोर खोडले तर मान दुखावतो आणि काका आणखी हट्टाला पेटतात. गप्प बसले तर खोटे पसरते. यावर उपाय एकच दिसतो. काकांना वेगळा फोन करावा, ‘काका, तुम्ही पाठवलेलं मी तपासून पाहिलं’ असे म्हणून सावकाश सांगावे, आणि ते काढून टाकायचा मान त्यांनाच द्यावा.

रीत आपण ठरवू

हे सगळे बंदच करावे का? स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतल्या हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २७०० लोकांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबरचा वेळ वाढला, मनाला थोडे बरे वाटले, राजकीय कटुता कमी झाली. पण बातम्यांची माहितीही घटली. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो लहान आहे. घर सोडून गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना, परगावी काम करणाऱ्यांना तर फोन बंद ठेवणे परवडणारच नाही.

त्यापेक्षा घरातल्यांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवाव्यात. आजारपणाची आणि निधनाची बातमी जवळच्यांना आधी फोनवर सांगायची, ग्रुपवर नंतर. भांडणाचा विषय लिहून वाढवायचा नाही, बोलून मिटवायचा. निरोपाला सवडीने उत्तर आले तर राग मानायचा नाही, आणि तातडीचे असेल तर फोनच करायचा. मुलांचे फोटो टाकण्यापूर्वी त्यांना विचारायचे. वाढदिवसाला तयार चित्राऐवजी त्या माणसाची एखादी आठवण दोन ओळींत लिहायची. निळी खूण आणि लास्ट सीन बंद केले तर तसे सांगून करायचे, म्हणजे त्याचा वेगळा अर्थ निघणार नाही. आपल्याला कोणत्या ग्रुपमध्ये कोणी घालावे, हेही २०१९पासून सेटिंगमध्ये ठरवता येते. ते पाहून घ्यावे.

यातले काही मोठे नाही. पण अशा लहान गोष्टींतूनच एका पिढीची रीत बनते. आपल्या मुलांना उद्या वाकून नमस्कार करायला शिकवताना, कोणाला कधी फोन करावा, केव्हा लिहावे आणि केव्हा उठून भेटायला जावे, हेही आपल्यालाच शिकवावे लागेल. कारण ते त्यांना ॲप शिकवणार नाही.